अश्वजित बंबवाल्याच्या विहिरी

मंगरूळपीरच्या अग्निशमन केंद्राला कोणी ‘अग्निशमन केंद्र’ म्हणालं, तर तो माणूस नुकताच बदलून आलाय असं खुशाल समजावं. गावातले लोक त्याला बंबखाना म्हणतात. पत्र्याची उंच शेड, तिच्यात एक लाल गाडी, बाजूला एक खोली, खोलीत लोखंडी पलंग, टेलिफोन आणि दाराशी पाण्याचा माठ, एवढाच सगळा पसारा. माठाची कीर्ती मात्र तालुकाभर आहे. बाजाराला आलेल्या बाया पिशव्या बंबाच्या चाकाशी टेकवतात, पाणी पितात आणि बस येईपर्यंत सावलीत पाय पसरून बसतात. एखादी तर बंबाच्या बंपरवर लेकराचं दुपटंही वाळत घालते. फोन वाजला की बंबावरचा फायरमन भाऊसिंग आतून ओरडतो, “पिशव्या उचला व बायाहो,” आणि अर्ध्या मिनिटात शेड रिकामी होते. इतका सराव खुद्द कर्मचाऱ्यांनाही नसेल.

फोन दर वेळी आगीचाच असतो असं नाही. कोणाची गाय विहिरीत पडलेली असते, कोणाच्या चुलीमागे नाग शिरलेला असतो. एका मास्तरांनी घराची किल्ली आत राहिली म्हणून शिडी मागवली होती, आणि बंब आलाय म्हटल्यावर अख्खी गल्ली आग बघायला जमली होती. आग नाही हे कळल्यावर लोक जरा नाराजच झाले. उरसाच्या आधी दर्ग्यासमोरचा रस्ता धुवायचा, जयंतीच्या आधी चौक धुवायचा, मिरवणूक गेली की पुन्हा तोच चौक धुवायचा. आग नसेल तेव्हा बंब म्हणजे गावाचा घरचा गडी.

या गाडीचा चालक अश्वजित. वय सेहेचाळीस, अंग सडपातळ, मिशी बारीक आणि बोलणं तिच्याहून बारीक. आधी तो पाण्याचा टँकर चालवायचा. बारा वर्षांपूर्वी बंबावर आला आणि तिथेच रुजला. बायको रत्नमाला अंगणवाडीत आहे, मुलगी अकोल्याला नर्सिंग शिकते, दोघी त्याच्यापेक्षा जास्त बोलतात आणि त्याचं काही बिघडत नाही. असा सुखाचा संसार. पण सुखी माणसालाही एखादं वेड लागतंच. अश्वजितला विहिरींचं लागलं.

त्याची सुरुवात झाली मनकर्णाबाईपासून. अश्वजित बंबावर नवा होता. मालेगाव रस्त्याच्या एका खेड्यात मनकर्णाबाई नावाच्या विधवेच्या सोयाबीनच्या सुडीला आग लागली. सुडी म्हणजे कापून, वाळवून, मळणीसाठी रचलेला ढीग, अख्ख्या वर्षाची कमाई एका जागी. बंब पोचला, पाणी सुरू झालं. बंबात साडेचार हजार लिटर पाणी मावतं. ऐकायला हा समुद्र वाटतो. पंप पुरता सोडला की आठ मिनिटांत टाकीत खडखडाट होतो. तसाच तो झाला. आग अर्धी विझली होती. अश्वजितनं गाडी वळवली, सतरा किलोमीटर मंगरूळपीर गाठलं, टाकी भरली आणि परत आला, तोवर तिथे गुडघाभर राख उरली होती.

मनकर्णाबाई ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “बसा बाप्पा, दमले असान. पानी आनतो.” आणि कळशी घेऊन ती बाभळीच्या मागे गेली. अश्वजितची नजर सहज तिच्या मागे गेली. बाभळीच्या मागे शंभर पावलांवर विहीर होती, दिवाळीच्या तोंडावरची, तुडुंब भरलेली, वाकून हात घातला तर ओला व्हावा अशी. बंबाच्या पाठीवर सक्शनचा जाड काळा पाइप होता, पंप होता, सगळं होतं. फक्त बाभळीमागे विहीर आहे हे ठाऊक नव्हतं. आणि त्या बाईला, बंब विहिरीतून पाणी ओढू शकतो हे ठाऊक नव्हतं. अश्वजितनं ते पाणी प्यायलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि दोन दिवस रत्नमालेशी धड बोलला नाही.

पुढच्या रविवारी तो मोटरसायकल काढून खेड्यांकडे निघाला. सोबत एक दोर. दोराला फुटाफुटावर गाठी आणि टोकाला दगड. विहीर दिसली की थांबायचं, दोर सोडायचा, गाठी मोजायच्या. बंबाचा पंप पाण्याच्या वर तेवीस फुटांपर्यंतच पाणी ओढतो. त्याच्या खाली पाणी गेलं की पंप नुसता घरघर करतो. तेव्हा कुठल्या विहिरीत, कुठल्या महिन्यात पाणी किती खोल, तिथवर गाडीवाट आहे का, एवढं कळलं की झालं. काम सोपं होतं. अश्वजितचा असा समज होता.

पहिल्या रविवारी तो खाकी गणवेशात गेला, हे त्याचं चुकलं. खाकी कपड्यातला माणूस विहिरीत दोर सोडून गाठी मोजतोय, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं पाहिलं की त्याला तहसील दिसू लागतं. उन्हाळ्यात गावाला पाणी कमी पडलं की सरकार खाजगी विहीर अधिग्रहित करतं, आणि त्याच्या आधी असाच कोणीतरी मोजायला येतो. बातमी अश्वजितच्या मोटरसायकलच्या पुढे धावली. तो जाईल तिथे विहिरीवर काटे टाकलेले आणि मालक हात जोडून उभा. “कोरडी हाय साहेब. तळ दिसून राह्यला.” भर नोव्हेंबरात, एका दिवसात, चौदा गावांच्या विहिरी आटल्या.

दुसऱ्या रविवारी तो साध्या कपड्यांत गेला. मग लोकांनी त्याला जमिनीचा दलाल ठरवलं, आणि एकानं चहा पाजून नाल्याकाठचं खडकाळ वावर जवळपास त्याच्या गळ्यात बांधलंच होतं. तिसऱ्या रविवारी त्यानं रत्नमालेला मागे बसवून नेलं. जोडप्यावर कोण संशय घेणार? संशय कोणी घेतला नाही. पण भीमनगर असो की बुद्धनगर, ज्या वस्तीत गेले तिथे लोकांनी गृहीत धरलं की पाहुणे मुलीसाठी स्थळ पाहायला आलेत. पोहे आले, चहा आला, मुलगा नवा शर्ट घालून पुढे बसला, आणि मुलाचा बाप न विचारता म्हणाला, “चाला, विहीर दाखवतो. बारमाही पानी हाय. मोजून घ्या.” त्या दिवशी अश्वजितच्या दोरानं पहिल्यांदा खरे आकडे पाहिले. रत्नमाला परतीच्या वाटेवर म्हणाली, “पोरगी तिसरीत हाय आपली. आतापर्यंत चार ठिकानी तिची सोयरीक पाहून झाली. पाचवीकडे जाच्या आधी घरी चाला.”

शेवटी तो सरळ खरं सांगू लागला. लोकांना ते सगळ्यात संशयास्पद वाटलं. पण एकेक आग विझत गेली तसा विश्वास बसत गेला. एका गावी बंबानं विहिरीतून पाणी ओढून गोठा वाचवला की शेजारच्या चार गावांच्या विहिरींवरचे काटे आपोआप दूर व्हायचे. आता एकशे बारा विहिरी त्याच्या डोक्यात आहेत. कुठे फाटक अरुंद आहे, कुठे कुत्रं चावरं आहे, कुठल्या फिडरवर या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा आहे आणि कुठल्या रात्री, म्हणजे मालकाच्या मोटरनं टाकी भरून मिळेल की नाही, सगळं त्याला तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस मात्र तो दर वर्षी विसरतो. रत्नमालेनं ते सोडून दिलं आहे.

एकशे बारा विहिरी होत्या, आणि जी हवी ती एक नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या गावची.

निंबोळा हे अश्वजितचं गाव, मंगरूळपीरपासून चौदा किलोमीटर. गावाच्या पश्चिमेला भीमनगर, तिथे त्याचं जन्मघर, आणि त्या घरात त्याचा बाप ग्यानबा अजून एकटा राहतो. वय अठ्ठ्याहत्तर. “शहरात माही कोनाशी वळख नाही,” म्हणून तो लेकाकडे येत नाही. भीमनगरच्या पाठीमागे सात गोठ्यांची रांग, गोठ्यांना लागून कुटाराचे म्हणजे जनावरांच्या भुशाचे ढीग आणि पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, गंज्या. एप्रिल-मेमध्ये शेतकरी पेरणीआधी धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, वाळलेलं गवत जाळतात, वारा पश्चिमेचा सुटतो, आणि त्या वाऱ्याच्या पुढ्यात पहिलं येतं ते भीमनगर. अश्वजितनं हे कितीदा मनात रंगवलं असेल त्याला गणती नाही. उन्हाळ्यात पाणी टिकवणारी त्याच्या हिशेबातली जवळची विहीर नऊ किलोमीटरवर होती. आणि भीमनगरपासून तीनशे पावलांवर, एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला नाला अशी बबनरावांची विहीर होती.

बबनराव हे निंबोळ्यातले मोठे शेतकरी. बहात्तरीचे, कंबर वाकलेली, पण आवाज अजून पंचवीस वर्षांच्या माणसाचा. संत्र्याची बाग पोरासारखी वाढवलेली. काही वर्षांपूर्वी दुष्काळात त्यांची विहीर गावाच्या पाण्यासाठी दोन महिने घेतली गेली, आणि त्या उन्हाळ्यात बागेतली साठ झाडं उभी वाळली. माणूस गावासाठी पाणी देतो आणि मग स्वतःच्या हातानं साठ झाडं तोडतो, हे सोपं नाही. तेव्हापासून विहिरीभोवती काट्यांचं कुंपण. अश्वजित तीन वर्षं दर उन्हाळ्याआधी जायचा आणि बबनराव दर वेळी एकच सांगायचे.

“कोरडी हाय.”

“काका, चार मिनिटाचं काम असते. एक टाकी भराची. तुमच्या बागेले समजनार बी नाही.”

“कोरड्या विहिरीतून टाकी भरते काय तुही? जाय, चहा घेऊन जाय.”

चहा मिळायचा, तोही चांगला, बबनरावांच्या घरच्या रुख्मिणीकाकूंच्या हातचा. काकू चहा देताना नवऱ्याकडे अशा बघायच्या की कोरडं नेमकं काय आहे ते अश्वजितला कळायचं. पण विहीर काही मिळायची नाही.

तो घरी येऊन बापाला सांगायचा. ग्यानबा बाजेवर बसून ऐकायचा.

“कोरडी नाही थे,” तो म्हणायचा. “म्या खोदली. बहात्तरच्या दुष्काळात. थे विहीर कोरडी पडत नसते.”

“मंग तुमी चाला नं बा माह्यासंगं. तुमच्या वयाचे हायेत थे. तुमचं आयकतीन.”

“मी नाही येत. आन् तू बी मागू नको. मांगून भेटनारं पानी नाही थे.”

याच्या पुढे ग्यानबा बोलायचा नाही. अश्वजितला वाटायचं, बापाचा हट्ट आहे. बापाला हट्ट असतात, लेकाला ते सांभाळावे लागतात, यात नवं काही नव्हतं. पण हट्टापायी भीमनगर उघड्यावर राहिलं होतं, आणि या विचारानं एप्रिल उजाडला की अश्वजितची झोप जायची.

यंदा जयंती होऊन आठ दिवस झाले होते. भर दुपारचा दीड. शेडमध्ये बाया पेंगत होत्या. फोन वाजला, भाऊसिंगनं उचलला, आणि अश्वजितकडे बघून त्यानं नुसतं एवढंच म्हटलं, “निंबोळा.” बायांनी या खेपेला सांगण्याआधीच पिशव्या उचलल्या.

कोणाचा धुरा होता, कोणी पेटवला, हे निंबोळ्यात अजूनही कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. बंब पोचला तेव्हा पऱ्हाटीच्या दोन गंज्या पेटल्या होत्या, कुटार धुमसत होतं आणि पहिल्या गोठ्याच्या छपरानं पेट घेतला होता. ढोरं लोकांनी आधीच सोडली होती. बाया सिमेंटच्या टाकीतून बादल्या भरभरून आणत होत्या आणि त्या बादल्यांचं पाणी आगीपर्यंत जाता जाता वारा पिऊन टाकत होता. भाऊसिंगनं नोझल धरलं, अश्वजितनं पंप सोडला. पहिला गोठा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या दाराशी आग थबकली. आणि आठ मिनिटांत टाकी रिकामी झाली.

पाण्याची धार थांबली तेव्हा बायांनी पुन्हा बादल्या उचलल्या. अश्वजितला मनकर्णाबाईची राख आठवली नसेल असं कसं म्हणावं? नऊ किलोमीटर जाणं, नऊ किलोमीटर येणं. त्याच्या बापाचं घर पाचव्या गोठ्याला लागून होतं. त्यानं गाडी नऊ किलोमीटरच्या रस्त्याला लावलीच नाही. सरळ बबनरावांच्या विहिरीवर नेली.

बबनराव फाटकाशीच उभे होते. धूर तिथूनही दिसत होता.

“काका,” अश्वजित खाली उतरत म्हणाला, “इचाराले नाही आलो मी. सांगाले आलो. पाइप टाकून राह्यलो.”

आयुष्यात तो कोणाशी असा बोलला नव्हता. बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग धुराकडे पाहिलं. मग त्यांनी फाटकाची कडी काढली.

“सव्वीस फुटावर हाय,” ते म्हणाले.

तीन वर्षं कोरडी असलेल्या विहिरीचा आकडा त्यांना फुटाइतका ठाऊक होता. पण अश्वजितला राग यायलाही सवड नव्हती. सव्वीस फूट, वर गाडीची उंची. पंप तेवीसच्या पुढे ओढत नाही.

“तुहा पाइप पुरत नाही काय?”

“पाइप पुरते काका. पंप नाही पुरत. मोटर लावता येईन काय?”

“लाइट रातची हाय या हप्त्यात.”

हेही अश्वजितला तोंडपाठ होतं. त्यानं उगाच विचारलं होतं. विहिरीत पाणी चमकत होतं, आणि ते त्याच्यापासून तीन-चार फूट लांब होतं. एवढी माहिती गोळा करून, इतके रविवार घालवून, शेवटी चार फुटांवर येऊन अडायचं. तो काठाला धरून तसाच उभा राहिला.

“नाल्याकून घे गाडी.”

मागून ग्यानबा आला होता. भीमनगरातून काठी टेकत, धापा टाकत, टोपीवर राख पडलेली.

“तिकून वाट नाही बा.”

“हाय. खोदताना दगड आमी तिकूनच काढला. काठ सात फूट खाली हाय तिकडे. खिंडीसारखं कापलं होतं आमी, गाडं आत याचं.”

“थे बुजवलं,” बबनराव म्हणाले.

“बुजवलं नाही बबनराव. मुरूम टाकला आन् काटे लावले. बांधलं कोनी नाही.”

बबनरावांनी एकदा ग्यानबाकडे पाहिलं आणि ते नाल्याच्या बाजूला चालू लागले. पुढचं अश्वजितला नीट आठवत नाही, इतकं ते भराभर झालं. दोन म्हातारे उघड्या हातांनी काटे ओढत होते. बेशरमीची झुडपं बाजूला झाली. कोरड्या नाल्यातून अश्वजितनं गाडी उलटी घेतली, मागचं चाक दोनदा वाळूत फिरलं, तिसऱ्यांदा धरलं. कापलेल्या खिंडीतून पाइप पाण्यात सोडला. पंप सुरू केला. पंपानं घरघर केली आणि पाणी आलं नाही. दुसऱ्यांदा तसंच. कुठूनतरी हवा जात होती, पाइपाच्या जोडाशी ती फुसफुसत होती.

“माती लाव,” बबनराव म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनीच नाल्याच्या काठची काळी माती उकरली. रुख्मिणीकाकू कळशी घेऊन धावत आल्या होत्या, त्यांनी पाणी ओतलं. बबनरावांनी तो चिखल मळून जोडाभोवती लिंपला, पेरणीच्या दिवसांत बैलाच्या जखमेला लावावा तसा, दाबून दाबून. वऱ्हाडातली काळी माती बसली की बसली. तिसऱ्यांदा पंप लावला. पाइप एकदा थरथरला, ताठ झाला, आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

अश्वजितनं डोळे पुसले. धुरानं चुरचुरत होते, असं त्यानं नंतर भाऊसिंगला सांगितलं. भाऊसिंगनं ते मान्य केलं.

टाकी चार मिनिटांत भरली. अशा तीन फेऱ्या झाल्या. दोन गोठे गेले, चार जणांचं कुटार गेलं, पऱ्हाटी सगळी गेली. पाच गोठे राहिले, घरं राहिली, एकही जनावर दगावलं नाही. चार वाजता भाऊसिंगनं शेवटच्या ढिगावर पाणी मारून नोझल खाली ठेवलं, आणि भीमनगरातल्या बाया त्याच्या हातातून पाइप घेऊन स्वतःच गुंडाळू लागल्या.

बंब पाइप सोडवायला पुन्हा विहिरीशी आला तेव्हा तिथे पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळ्यांचे चेहरे कामातून मोकळे झालेल्या माणसांचे होते. बबनराव बांधावर बसले होते. हाताला काट्यांचे ओरखडे, नखांत चिखल.

“हे इकडचं काही बुजवत नाही आता मी,” ते अश्वजितला म्हणाले. “काटे बी लावत नाही. उन्हाळाभर पानी किती हाय थे तू फोन करून इचारत जाय. मी मोजून सांगतो.”

अश्वजितनं नुसती मान हलवली. तीन वर्षं तो या वाक्यासाठी चहा पीत होता.

रुख्मिणीकाकूंनी घरून तांब्या आणि पेले आणले, विहिरीचं पाणी शेंदलं आणि सगळ्यांना देऊ लागल्या. लोक घटाघटा प्याले. भाऊसिंग चार पेले प्याला. काकू ग्यानबापाशी आल्या तेव्हा त्यानं हात जोडले.

“नको व माय. तहान नाही.”

राखेनं त्याचे ओठ पांढरे पडले होते. तहान नाही कशी? अश्वजित जवळ गेला. “घ्या नं बा. कायले नाही म्हनता?”

ग्यानबानं विहिरीकडे पाहिलं. मग तो बोलला, तक्रार करावी तसं नाही, वाटेवरचं काही सांगावं तसं.

“चौदा जन होतो आमी. पाच महिने खोदली. झरा माह्या पहारीनं फुटला, थ्या पूर्वेच्या कोपऱ्यात. म्या खालूनच वरत ओरडून सांगतलं, पानी लागलं, आन् गोड हाय. आमाले वरत बलावलं. नारळ फोडला. मंग तुमच्या बानं सांगतलं बबनराव, का आता विहिरीले पानी लागलं, आता या लोकायनं काठावर याचं नाही. प्याचं असन तर खाली बसा, वरून ओंजळीत वाढू. म्या नाही घेतलं. तवापासून नाहीच घेतलं.”

अश्वजितनं हे कधीच ऐकलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षं तो या माणसाचा मुलगा होता, तालुक्यातल्या एकशे बारा विहिरींत त्यानं दोर सोडला होता, आणि या विहिरीची एवढी खोली त्याला ठाऊक नव्हती.

बबनराव खाली बघत होते. “मी होतो तती,” ते म्हणाले. “वीस वर्षाचा होतो. मले आठवते.” मग त्यांनी विचारलं, “पन मंग गोड हाय हे कसं सांगतलं तुमी? चाखलं नव्हतं तर?”

“दगडाच्या रंगावरून.”

बबनराव उठले. कंबर धरून विहिरीच्या काठाशी गेले, बादली उचलली. काकूंना वाटलं ते पाणी काढून देणार, म्हणून त्या पेला घेऊन पुढे झाल्या. बबनरावांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी बादली काठावर ठेवली आणि दोराचं टोक ग्यानबाच्या हातात दिलं.

“घ्या ग्यानबाजी. तुमच्या हातानं काढा.”

ग्यानबानं काठी बाजूला ठेवली. तो काठावर चढला, पाय रोवून उभा राहिला आणि त्यानं बादली सोडली. सव्वीस फूट. बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. तो ओढू लागला. दोन हात, मग थांबणं, मग दोन हात. अश्वजित मदतीला पुढे झाला तर बापानं कोपरानं त्याला मागे सारलं. बादली वर आली तेव्हा अर्धीच भरलेली होती. ग्यानबानं ती काठावर टेकवली, ओंजळ भरली आणि प्याला. पुन्हा भरली, पुन्हा प्याला. मग ओल्या हातानं तोंड पुसून तो बबनरावांकडे वळला.

“गोड हाय,” तो म्हणाला. “म्या सांगतलं होतं.”